बोगदे झाले, जुन्या घाटांचे काय?

२०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी कशेडीच्या नव्या बोगद्यांपैकी एक हलक्या वाहनांसाठी उघडण्यात आला, आणि पोलादपूर ते खेड या टप्प्यात वळणामागून वळण घेत डोंगर चढण्याची कोकणवासीयांची पिढ्यान्‌पिढ्यांची तपश्चर्या संपुष्टात येऊ लागली. चाकरमान्यांना त्याचा आनंद झाला यात नवल नाही. रात्रभर एस.टी.च्या खिडकीशी डोके टेकून, पोटात ढवळत असताना ज्यांनी तो घाट ओलांडला आहे, त्यांच्यापुढे त्याच्या रमणीयतेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु बोगद्याच्या आनंदात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. डोंगरावरचा तो जुना रस्ता, त्याचे कठडे, त्याच्या मोऱ्या, हे सारे आता कशासाठी?

प्रश्न एकट्या कशेडीचा नाही. खंबाटकीला येणारी वाहने बोगद्यातून आणि जाणारी जुन्या घाटातून अशी वाटणी अनेक वर्षे चालत आली. पुढे तेथेही मोठ्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. सह्याद्री पोखरून रस्ते सरळ करण्याचे हे युग आहे. प्रत्येक बोगद्यामागे एक रिकामा घाट शिल्लक राहणार, आणि त्याचे काय करावयाचे याविषयी आपल्याकडे धोरण तर सोडाच, साधी चर्चाही नाही.

अशीच परिस्थिती इंग्लंडवर साठ वर्षांपूर्वी ओढवली होती. तेथे रिकामे झाले ते रस्ते नव्हेत, लोहमार्ग. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने तोट्यात चालणारे सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली आणि त्यातले बहुतेक पुढील काही वर्षांत बंद झालेही. रूळ उचलले गेले. अनेक ठिकाणी पूल पाडून जमीन तुकड्यातुकड्यांनी विकण्यात आली. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध असलेल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात मात्र निराळे घडले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने बंद पडलेले मार्ग ताब्यात घेतले आणि पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलस्वारांसाठी व घोडेस्वारांसाठी खुले केले. १९७१ मध्ये टिसिंग्टनचा सुमारे एकवीस किलोमीटरचा मार्ग, त्याच्या पुढच्याच वर्षी त्याला पार्सली हे येथे मिळणारा हाय पीकचा मार्ग, आणि १९८१ मध्ये मॉन्सलचा. मोटारीला तेथे प्रवेश नाही.

डोंगरात सायकल चालवणे म्हणजे छाती फुटेस्तोवर चढणे, असा आपला समज असतो. पण वाफेच्या इंजिनाला उभा चढ सोसत नसे. म्हणून अभियंत्यांनी डोंगर कापले, दऱ्यांवर पूल बांधले आणि मार्ग जवळजवळ सपाट ठेवला. त्या इंजिनासाठी केलेल्या खर्चाचे फळ आज आठ वर्षांचे मूल आणि साठीतले आजोबा चाखतात.

मॉन्सलची कथा तर विशेष मनोरंजक आहे. वाय नदीच्या खोऱ्यातून गेलेला हा लोहमार्ग १८६३ चा, म्हणजे आपल्या बोरघाटातून पहिली आगगाडी वर चढली त्याच वर्षीचा. ज्यांच्या ग्रंथाचा सारांश गांधीजींनी ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत आणला, त्या जॉन रस्किन यांनी या लोहमार्गावर कडाडून टीका केली होती. दोन गावांमधले अंतर थोडक्या वेळात काटता यावे यासाठी एका अलौकिक दरीचा बळी दिला, हा त्यांचा आक्षेप. गाडी १९६८ मध्ये बंद झाली. त्याच्या दोनच वर्षांनी, ज्या पुलावर रस्किन संतापले होते, तो पूल संरक्षित वास्तू म्हणून नोंदला गेला! आज लोक ती दरी पाहायला जातात ते त्या पुलावर उभे राहूनच. सौंदर्याच्या कैवाऱ्यांनीही आपल्या मतांविषयी थोडे सावध असावे, इतका बोध मी त्यातून घेतो.

तरीही हे सारे सहज घडले असे समजू नये. मॉन्सलचा मार्ग खुला झाला तरी त्यावरील मोठे बोगदे धोक्याचे म्हणून बंदच होते. त्यांत दिवे लावून ते उघडण्यास मे २०११ उजाडला. मध्यंतरीची तीस वर्षे प्रत्येक बोगद्यापाशी माणसाला डोंगरवाटेने वळसा घालावा लागे. दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून राष्ट्रीय सायकलमार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला आणि त्याने हजारो मैलांचा पल्ला गाठला. परंतु त्याचा मोठा भाग वाहत्या रस्त्यांवर निळ्या पाट्या ठोकून साधलेला होता. शेवटी २०२० मध्ये ते जाळे चालवणाऱ्या संस्थेने स्वतःहूनच जवळजवळ चतुर्थांश लांबी त्यातून वगळली किंवा वेगळ्या वर्गात टाकली, कारण तेथे मूल घेऊन जाणे सुरक्षित नव्हते. आपल्याकडे शहरोशहरी रंगवलेले आणि दुसऱ्या दिवसापासून मोटारी उभ्या करण्याच्या कामी आलेले सायकलपट्टे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यावर भाष्य नको.

आता आपल्या घाटांकडे वळू. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला तो बैलगाडीच्या हिशेबाने. त्यानंतरचे कित्येक जुने घाटही असेच, भरल्या गाडीला ओढता येईल अशा चढाने, वळसे घेत वर नेलेले आहेत. लोहमार्गाइतके ते सपाट नाहीत हे खरे; पण बैलाला जो चढ झेपे तो धडधाकट तरुणाला झेपतो, आणि ज्याला झेपत नाही त्याने उतरून चालावे. मोटारीला जाचणारी तीच वळणे सायकलस्वाराला विसावा देतात.

यावर आक्षेप येईल की, ही पैसेवाल्यांची हौस आहे. पंचवीस गिअरची सायकल मोटारीवर लादून येणाऱ्यांसाठी सरकारने रस्ते का राखावेत? आक्षेप गैर नाही. पण पीकच्या मोकळ्या डोंगरांवर हक्क सांगत १९३२ मध्ये किंडर स्काउटवर जे शेकडो तरुण जमीनदारांचा मज्जाव मोडून चढून गेले, त्यांतले बहुतेक मँचेस्टर परिसरातले कामगार होते. आठवड्यातून एक दिवस धुरातून सुटका, एवढेच त्यांचे मागणे होते. आपल्याकडे आज कोणत्या मुख्याध्यापकाला चाळीस विद्यार्थ्यांची सायकल-सहल घाटातून नेण्याचे धाडस होईल? ट्रकमागून ट्रक येत असताना त्याने ते करूही नये. पैसेवाला परदेशी जाऊन सायकल चालवील. शांत रस्त्याची खरी गरज या चाळीस मुलांना आहे.

घाटातल्या वाड्यांचा विचार मात्र प्रथम व्हायला हवा. रुग्णवाहिका, दुधाची गाडी, एस.टी. त्यांच्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे. त्यासाठी घाट बंद करण्याचे कारण नाही. माथ्याजवळ एक फाटक पुरे. दोन्ही बाजूंचे रहिवासी आपापल्या बाजूने घरी जातील, आरपार जाणारी वाहतूक तेवढी थांबेल, आणि दरड कोसळून किंवा दुरुस्तीसाठी बोगदा बंद झाला तर फाटक उघडता येईल. मोटारींची वर्दळ आटल्यावर घाटातल्या चहाच्या टपऱ्यांवर अवकळा येते. सायकलवाला मोटारवाल्यापेक्षा अधिक वेळा थांबतो आणि अधिक खातो, हेही ध्यानात घ्यावे.

खरी भीती निराळीच आहे. रिकामा, निसर्गरम्य, डांबरी रस्ता हे बंगल्यांच्या भूखंडांना आयते आमंत्रण असते. दोन-चार वर्षे कोणी लक्ष दिले नाही तर पाऊस मोऱ्या तुंबवून रस्ता खाऊन टाकील, आणि पावसातून जे वाचेल ते कुंपणांत जाईल. म्हणून कशेडीत प्रारंभ करावयाचा तर सायकलींच्या आधी गटारे उपसण्याची तरतूद हवी, कठड्यांची डागडुजी हवी, आणि रस्त्यालगतच्या सरकारी जमिनीची मोजणी करून हद्दीचे दगड रोवायला हवेत. महामार्गाचा जुना तुकडा राज्याच्या बांधकाम खात्याकडे येतो तेव्हा त्याच्या हस्तांतराच्या कागदावरच तो आरपार वाहतुकीस बंद, वाड्यांस खुला, असे नमूद करता येईल. या कामाला बोगद्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळच पैसा लागेल. ते पुढच्या पावसाळ्याआधी व्हावे.