गाळे कुणाचे, गल्ली कुणाची?

घराखाली दुकान असणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. कुठल्याही जुन्या पेठेत जाऊन पाहा. पुढे ओटा, ओट्यावर किराणा किंवा कापडाची गादी, मागे माजघर आणि त्याच्याही मागे परसू, अशीच रचना दिसेल. व्यापारी त्याच घरात राहत असे, त्याच आडाचे पाणी पीत असे आणि दारासमोर सांडपाणी साचले तर त्याचा वास सगळ्यांत आधी त्यालाच येई. त्यामुळे राहत्या वस्तीत व्यापार नकोच, असा सोवळा आग्रह धरणाऱ्यांपैकी मी नाही. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, दूध डेअरी, औषधांचे दुकान यांच्यावाचून वस्तीला वस्तीपण येत नाही.

मग आज गावोगावी कॉलन्यांमध्ये जी भांडणे पेटली आहेत ती कशाची? आमचे कर्जत (रेल्वेचे नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातले) हे एकेकाळी दुष्काळासाठीच ओळखले जाई. तालुक्याच्या काही भागाला कुकडीचे पाणी मिळाले, रस्ते रुंद झाले आणि रस्त्याकडेच्या जमिनीला पिकापेक्षा गाळ्यांचा भाव आला. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, त्यालाही आता साधारण दहा वर्षे झाली. गावाबाहेर ज्या नव्या वसाहती उठल्या, तिथे निवृत्त शिक्षकांनी, एसटीच्या चालक-वाहकांनी, खेड्यावरून मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या शेतकऱ्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून घरे बांधली. आणि तालुक्याच्या अशा कुठल्याही गावी हल्ली एक दृश्य हमखास दिसते. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एके दिवशी खडी-वाळू पडते. विचारले तर उत्तर मिळते, 'घरच बांधतोय.' घराचा पाया भरतो, पण दरवाजाच्या जागी ओळीने शटरे बसतात. बाजूला सोडायची जागा पायऱ्या खाऊन टाकतात, गाड्या लावायच्या जागेत गोदाम होते आणि गाड्या येतात आपल्या फाटकासमोर.

घराखालचे जुने दुकान आणि हे नवे गाळे यांतला फरक इथे आहे. जुने दुकान वस्तीसाठी असे; नवे गाळे वस्तीच्या जिवावर असतात. मालक दुसरीकडे राहतो आणि भाडे घेऊन जातो. मागे उरते ती तुंबलेली गटार, रात्री अकरापर्यंतचा गोंगाट, आणि रुग्णवाहिका आत शिरणार नाही इतका अरुंद झालेला रस्ता. फायदा एकाचा, खर्च सगळ्यांचा, असा हा हिशेब आहे.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे समजू नये. महाराष्ट्रात १९६६ पासून प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. विनापरवाना बांधकामाला नोटीस देऊन ते पाडण्याचा अधिकार त्यात आहे, शिक्षेचीही तरतूद आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडता राज्यभर बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. ती व्यापाराची शत्रू नाही. रस्त्याची रुंदी आणि इतर अटी पाहून निवासी भागातही दुकानांना ती परवानगी देते. ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडले, तर किमान दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. सोडलेली ही जागा म्हणजे मुलांचे मैदान आणि म्हाताऱ्यांचा कट्टा. ती कुणाच्या मेहरबानीने मिळत नाही. प्लॉटच्या किमतीत तिचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात.

तरीही गाळे उठतात, कारण आपल्याकडे नियम मोडला की शासन आणि नियम मोडणारा यांच्यात वाद होत नाही. तो दोन शेजाऱ्यांत लावून दिला जातो. एका गावातला (गाव सांगत नाही) माझ्या परिचयातला अनुभव आहे. एका गृहस्थांनी दुपारी कार्यालयात तक्रारअर्ज दिला. संध्याकाळी त्या अर्जाची प्रत बांधकाम करणाऱ्याच्या हातात होती. रात्री चार जण येऊन, 'काका, आपण एकाच गल्लीतले, कशाला वाढवता?' असे गोड बोलून गेले. पुढच्या संक्रांतीला त्या घरी तिळगूळ द्यायला कुणी आले नाही. जो नियम पाळा म्हणाला तो भांडखोर ठरला, आणि ज्याने नियम मोडला तो धडपड्या उद्योजक! तक्रारदाराच्या घरातल्या बायकामुलांना रोज त्याच रस्त्याने जायचे असते. अशा वेळी बहुतेक शहाणी माणसे गप्प बसतात. त्यांना मी भित्री म्हणणार नाही. जे काम पगारी यंत्रणेने करायचे, ते त्यांनी आपला शेजार पणाला लावून का करावे?

वेळीच न थांबवलेल्या बांधकामाचा शेवट काय होतो, याची उदाहरणे ताजी आहेत. पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागातील कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराची दुकाने, गोदामे, पत्र्याच्या शेडमधले कारखाने वाढत गेले. धुराने आसपासचे रहिवासी हैराण होते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे गोदामांना मोठी आग लागली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने काही दिवसांतच चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त केली. रहिवाशांनी सुटकेचा निश्वास टाकला हे खरे. पण त्या शेडमध्ये पोट भरणारे हजारो कामगारही त्याच आठवड्यात उघड्यावर आले. पहिल्या शंभर शेड उभ्या राहत असताना जी नोटीस पुरली असती, तिच्या जागी शेवटी यंत्रांचा ताफा आणि पोलिसांचा बंदोबस्त लागला.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातल्या मेरठचे. तिथल्या शास्त्रीनगरात घरासाठी दिलेल्या प्लॉटवर दुकाने बांधली गेली. १९९० मध्येच नोटीस निघाली होती. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी तो कायम केला आणि इमारत प्रत्यक्ष पडली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षे! ज्या दुकानदारांनी मधल्या काळात तिथे संसार उभे केले, ते ढिगाऱ्यापुढे रडताना दिसले. त्यांच्याविषयी कणव वाटतेच. पण त्या अश्रूंना जबाबदार निकाल देणारे न्यायाधीश नव्हेत, पस्तीस वर्षे फाईल दाबून बसलेली माणसे आहेत.

१९९० च्या दशकात गो. रा. खैरनारांचा हातोडा मुंबईत पडू लागला तेव्हा मध्यमवर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांमागची तहान मी समजू शकतो. मात्र हातोडा हा उपाय नव्हे, ती उपाय हुकल्याची कबुली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बजावले की, रीतसर नोटीस आणि १५ दिवसांची मुदत दिल्याशिवाय कुणाचे बांधकाम पाडता येणार नाही. रस्ता, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरचे अतिक्रमण याला अपवाद. हेही योग्यच आहे. नाही तर ज्याचे वजन कमी त्याचे घर आधी पडते.

याच्या उलट टोकाला आहे नियमितीकरणाची सवय. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, तो गुंठा-दोन गुंठे घेऊन फसलेल्या गरिबांसाठी. त्याची गरज होती, हे मी मान्य करतो. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. डोक्यावर छप्पर हवे म्हणून बांधलेली खोली आणि भाडे हवे म्हणून बांधलेले दहा गाळे यांना एकाच दयेच्या तराजूत घालता येणार नाही. प्रत्येक मुदतवाढ पुढच्या बांधणाऱ्याच्या कानात सांगते, 'बांध रे, पुढे बघू.' आणि ज्याने नकाशा मंजूर करून, शुल्क भरून, बाजूला तीन हात जागा सोडून घर बांधले, तो स्वतःच्या अंगणात उभा राहून स्वतःलाच मूर्ख समजू लागतो. समाजाचे खरे नुकसान हे आहे.

काय करता येईल? मेरठच्याच निकालात त्याचे साधे उत्तर आहे. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावला पाहिजे. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज, पाणी, गटाराची जोडणी आणि बँकेचे कर्ज द्यायचे. अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना द्यायचा नाही. या गोष्टींना ना बुलडोझर लागतो ना पोलीस. विजेचे मीटर मिळाले नाही तर गाळ्याला भाडेकरू मिळत नाही, आणि भाडेकरू मिळत नसेल तर गाळा बांधण्यात कुणाला रस राहणार?

यात माझी एक भर आहे. नगरपंचायतीने महिन्यातून एकदा, त्या महिन्यात दिलेल्या प्रत्येक बांधकाम परवानगीची यादी प्रभागवार फलकावर लावावी. प्लॉट कोणता, मजले किती, वापर निवासी की व्यापारी, एवढ्या तीन रकाने पुरेत. आपल्या नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात. १७ कागद चिकटवणे काही अवघड नाही. मग तक्रार करायला एकट्या काकांना पुढे यावे लागणार नाही. फलकावर 'निवासी' आणि जागेवर शटरे, हा फरक शाळेत जाणाऱ्या पोरालाही वाचता येईल. ज्या नगरसेवकाने तो वाचला नाही, त्याला पुढच्या निवडणुकीत अख्खी गल्ली मिळून जाब विचारू शकेल.

पुण्या-पिंपरीला आता पाडण्यावाचून मार्ग उरलेला नाही. कर्जतसारख्या गावांची शटरे अजून मोजता येतात. ती मोजता येत आहेत तोवरच मोजली, तर पाडापाडीही टळेल आणि शेजारही टिकेल.