लायसन्सवर डाग आहे, मग ट्रकवर पहिली नोकरी मिळते का?

दोन-तीन वर्षं क्लीनर म्हणून काढली, हेवी लायसन्स हातात आलं आणि आता स्टेअरिंगवर बसायची वेळ आली. पण कळंबोलीत किंवा भिवंडीत कुठल्याही गाडीमालकाकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, 'लायसन्स क्लीन आहे ना?' आणि मधल्या काळात दारू पिऊन बाईक चालवताना पकडलं गेलेलं असतं. मग पुढे काय?

चलान म्हणजे डाग नाही

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कॅमेऱ्याने फाडलेलं ई-चलान गाडीच्या नंबरवर येतं. त्यामुळे एखाद्या ट्रकवर वीस चलानं थकली असली, तरी ती आपोआप ड्रायव्हरच्या लायसन्सवर चढत नाहीत.

लायसन्सला खरा धक्का बसतो तो निलंबनाने. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 नुसार अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. कलम 19 नुसार पहिल्या वेळी तीन महिने निलंबन आणि पुन्हा तेच घडलं तर लायसन्स थेट रद्द. मात्र त्याआधी आरटीओने ड्रायव्हरचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपीलही करता येतं.

मालक एवढा का घाबरतो?

कारण विमा. निलंबित लायसन्सवाला ड्रायव्हर गाडीवर असताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करू शकते. लायसन्स चालू आहे की निलंबित, हे परिवहनच्या पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की दिसतं. त्यामुळे लपवून फार दिवस भागत नाही.

शिवाय लपवणं हाच वेगळा गुन्हा ठरू शकतो. निलंबनाच्या काळात गाडी चालवली किंवा लायसन्सवरचा शेरा लपवून नवीन लायसन्स काढलं, तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'हरवलं' सांगून डुप्लिकेट काढायचा जुना सल्लाही कामाचा नाही, कारण शेरा नव्या लायसन्सवरही येतो.

डाग पुसला जातो का?

हो, आणि हेच अनेकांना माहीत नसतं. कलम 24 नुसार शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर जुनं लायसन्स जमा करून कोरं लायसन्स मागता येतं. शेरा फक्त वेगमर्यादा ओलांडल्याचा असेल, तर एका वर्षातच. निलंबन झालेल्यांना रिफ्रेशर ट्रेनिंगही पूर्ण करावं लागतं. त्याचा कागद जपून ठेवावा, मालकासमोर ठेवायला तो उपयोगी पडतो.

तोपर्यंत पोट कसं भरायचं?

एक रस्ता छोट्या गाड्यांचा आहे. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की साध्या एलएमव्ही लायसन्सवर 7,500 किलोपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. निलंबन संपलेला माणूस पिकअप किंवा छोट्या टेम्पोवर वर्ष-दोन वर्षं काढून मग मोठ्या गाडीकडे वळू शकतो. झालेली चूक स्वतःहून सांगणारा आणि त्यानंतर नीट गाडी चालवलेला ड्रायव्हर मालकालाही कमी धोक्याचा वाटतो.

नोकरी लागल्यावर खरी परीक्षा

2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने राज्यांना सांगितलं, की ओव्हरलोड माल भरला किंवा मालगाडीत माणसं बसवली, तरी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. आता ओव्हरलोडचा फायदा कोणाला होतो? भाडं मालकाच्या खिशात जातं आणि लायसन्स ड्रायव्हरचं जातं.

ज्याच्या लायसन्सवर आधीच एक डाग आहे, त्याला दुसरा परवडणारा नसतो. अडचणीत असलेला ड्रायव्हर कमी पगारात मिळतो, हे काही मालकांना पक्कं माहीत असतं. म्हणून पहिली नोकरी धरताना पगाराइतकंच महत्त्वाचं आहे ते गाडीत माल किती भरणार आणि दंड कोण भरणार, हे आधी विचारून घेणं.