पेटींतलीं चार वर्षें

२०२५ च्या दिवाळींत आमच्या घरीं एक लोखंडी पेटी उघडली गेली. ती आमच्या धाकट्या बंधूंची. त्यांची सारी नोकरी गडचिरोली जिल्ह्यांत, अहेरी-एटापल्लीकडील शाळांतून झाली. २०२१ सालीं निवृत्त होऊन ते चंद्रपुरास आमच्याजवळ राहावयास आले. पेटी उघडण्याचें कारण शुभच होतें. पुतण्यास परदेशीं शिक्षणासाठीं कर्ज हवें होतें, आणि बँकेनें वडिलांचीं मागील तीन वर्षांचीं आयकर विवरणपत्रें मागितलीं. पेटींत ठेवींच्या पावत्या निघाल्या, वडशाचा प्लॉट विकल्याचे कागद निघाले. विवरणपत्र मात्र एकही निघालें नाहीं. निवृत्तीपासून चार वर्षें तें भरलेंच नव्हतें.

“दादा, बँक कर कापूनच घेते, मग पुन्हां सांगावयाचें काय?” हें बंधूंचें उत्तर. हा समज चांगल्या शिकलेल्या घरांतूनही आढळतो. कापलेला कर म्हणजे केवळ आगाऊ भरणा. उत्पन्न मूळ सूट-मर्यादेपलीकडे गेलें कीं विवरण देणें प्राप्तच असतें, मग सवलती वजा जातां कर शून्य कां निघेना. बंधूंच्या कांहीं आदिवासी सहकाऱ्यांची तर समजूत अशी कीं, अनुसूचित जमातींस आयकर माफच आहे. ती माफी ईशान्येकडील कांहीं प्रदेशांतील व लडाखमधील जमातींस, आणि मुख्यतः तेथील उत्पन्नापुरती. गडचिरोलीस ती नाहीं. शाकुंतलांतला दुष्यन्त अरण्यवासीयांकडून तपाचा षष्ठांश पावतो. आमच्या अरण्यांतल्या शिक्षकास तो रुपयांतच द्यावा लागतो!

बंधु दोन दिवस पंगतीस कोणाशीं बोलले नाहींत. गृहपाठ न आणणाऱ्या मुलांस ज्यांनीं आयुष्यभर उभें केलें, त्यांचाच गृहपाठ चार वर्षांचा राहिला, आणि तो उघडकीस आला पोटच्या मुलाच्या देखत. “आतां नोटीस आली तरच पाहूं,” असेंही ते एकदां म्हणाले. त्या शब्दाची मात्र आम्हांस भीति वाटली. पुतण्यानें संगणकावर आयकर खात्याच्या स्थळावरून वार्षिक माहिती-विवरण काढून दाखविलें: ठेवींचें व्याज, कापलेला कर, प्लॉटची विक्री, सारें तेथें आधींच नोंदलेलें. जें आम्ही झांकून ठेवीत होतों तें सरकारास ठाऊकच होतें.

मग सनदी लेखापालांनीं चार वर्षांचे कागद निरनिराळे करविले. सर्वांत आधीं ताजें वर्ष, २०२४-२५ चें. त्याचें उशिराचें विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत देतां येत होतें. एकूण उत्पन्न पांच लाखांच्या आंत असल्यानें विलंब-शुल्क १,००० रुपये पडलें, एरवीं ५,००० पडतें. तें त्याच आठवड्यांत भरलें.

प्लॉट विकला तें वर्ष २०२२-२३. त्या नफ्यावर कर देणें होता. अशा वर्षासाठीं २०२२ पासून ‘अद्ययावत विवरणपत्र’ निघालें आहे. कर-निर्धारण वर्ष संपल्यावर त्यास प्रथम दोन वर्षांची मुदत होती, ती २०२५ च्या वित्त अधिनियमानें चार वर्षांची केली. परंतु उशीर फुकट नाहीं. देय कर व व्याज मिळून १०,००० रुपये असतील, तर पहिल्या वर्षांत वर २,५०० द्यावे लागतात, दुसऱ्यांत ५,०००, तिसऱ्यांत ६,००० आणि चौथ्यांत ७,०००. बंधूंचें दुसरें वर्ष चालू होतें. मार्च २०२५ पूर्वीं पेटी उघडली असती तर हा दंड निम्म्यावर आला असता. हें ऐकून ते पुन्हां गप्प झाले.

राहिलीं २०२१-२२ आणि २०२३-२४. या दोहोंत गोष्ट उलटी. कर शून्य, आणि व्याजावर बँकेनें कापलेली रक्कम परत मिळावयाची. येथें अद्ययावत विवरणपत्र चालत नाहीं, कारण परतावा मागण्यास तें लागूच नाहीं. त्यासाठीं विलंब क्षमा करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि उशिरास खरें कारण होतें हें पटवावें लागतें. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकान्वयें हा अर्ज कर-निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पांच वर्षांच्या आंत करावयाचा. परतावा मंजूर झाला तरी त्यावर व्याज मिळत नाहीं. आयकराचा नवा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासूनचा. या जुन्या वर्षांचा निवाडा १९६१ च्याच अधिनियमानें व्हावयाचा.

अर्जांत कारण काय लिहावें यावर घरांत वाद झाला. कोणी आजारपण सुचविलें. बंधूंनीं तें मानलें नाहीं. कर कापला म्हणजे काम संपलें असें वाटत होतें, हेंच त्यांनीं स्वहस्तें लिहिलें. लेखापालांनीं मान हलविली, पण कागद पुढें पाठविला.

कर्ज मंजूर होऊन पुतण्या गेला. जातांना त्यानें पेटींतले कागद सालवार बांधून ठेविले. अर्जांचा निर्णय अद्यापि यावयाचा आहे. बंधु दर सोमवारीं आम्हांस संगणक उघडावयास सांगतात, आणि चष्मा पुसून शेजारीं बसतात.