दारूवर संशोधन? जरूर करा!

पीएचडी झालेली मुलगी दारूच्या व्यसनावर पोस्ट-डॉक फेलोशिपसाठी अर्ज करते म्हटलं की मोहल्ल्यातून सवाल येतो: ‘हराम गोष्टीशी आपला काय संबंध?’

संबंध आहे. जून 2015मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. हे विष गरिबाच्याच ग्लासात का पडतं, याचं उत्तर फतव्यात नाही. चंद्रपुरात 2015ला दारूबंदी आली, 2021ला उठली. त्यातून काय बदललं, हे कुणीतरी मोजायलाच हवं.

कुरआनातली मनाईसुद्धा टप्प्याटप्प्याने आली. सूरह बकराची 219वी आयत दारूचा फायदा आणि गुन्हा दोन्ही तोलून निवाडा देते. मग तोलायला आपण का घाबरतो?

‘आपल्यात कुणी पीत नाही’ हे पालुपद आता पुरे. त्याच्याआड पिणारा लपतो, बायको मार खाते आणि उपचार राहून जातात. गोव्यात ‘संगाथ’ने चाचणी घेऊन दाखवलं की डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समुपदेशकही प्राथमिक आरोग्य केंद्रात दारू सोडायला मदत करू शकतात. आपल्या वस्तीत तिथवर जायला लाज कशी आडवी येते? दोस्तांनो, हाच प्रश्न प्रस्तावात लिहा आणि अर्ज भरा.