शूल हे व्रणाचे माप नव्हे

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण 'पोट फारसे दुखत नाही' म्हणाला की आपल्यापैकी अनेक वैद्य निर्धास्त होतात. कळांनी वाकलेला आला की औषधाची मात्रा वाढवितात. आमच्या मते ही दोन्ही अनुमाने सदोष आहेत.

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत सामाईक शौचकूप मजल्याच्या टोकाला असतात. केवळ गुदभागी शोथ असलेला तेथील रुग्ण दिवसातून दहा वेळा कुंथत बसतो, बाहेर रांगेतला शेजारी कडी वाजवितो, आणि पडते ते चमचाभर आव-रक्त. त्याची वेदना खरीच असते. उलट, संपूर्ण बृहदंत्र व्रणित झालेला दादरचा एखादा नोकरदार रोज लोकल गाठतो. पांडुता मात्र त्याच्या नखांवर स्पष्ट दिसते. आतड्याला ताण व आकुंचन जितके जाणवते, तितका अंतस्त्वचेवरील व्रण जाणवत नाही.

सुश्रुतांनी प्रवाहिकेचे प्रकार सांगताना शूल वातजेला दिला. पित्तजेला दाह, कफजेला कफ आणि रक्तजेला रक्त. वेदना दोषाची ओळख देते, रोगाच्या व्याप्तीची नव्हे. ट्रुलव्ह व विट्स यांनी १९५५ साली तीव्रतेचे निकष मांडले, त्यांत रक्तमिश्रित वेगांची संख्या, नाडी, ज्वर, हिमोग्लोबिन व ईएसआर आहेत, वेदना नाही. (आपल्या केसपेपरवर मात्र 'शूल' सर्वांत वर छापलेला असतो!)

शोथ शमल्यावरही काहींचे पोट दुखतच राहते. तेथे स्टेरॉइड वाढविण्याचा आग्रह धरणे अन्यायाचे. मलपरीक्षणात कॅलप्रोटेक्टिन पाहावे आणि मग वाताचा विचार करावा.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की अशा रुग्णास डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन सहज देऊ नये. त्याने रोग उसळू शकतो. रक्त पडत असताना लोपेरामाइडही नको. येऊनजाऊन असणारी कळ अखंड झाली, पोट फुगले, ताप चढला आणि वेग एकाएकी कमी झाले, तर रुग्णास वाटते आता उतार पडला. वस्तुतः आतडे फुगून फुटण्याच्या बेतात असू शकते. त्या वेळी कुटजघन वटी पुढे न करता त्यास तत्काळ परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात धाडावे, आणि आजवर दिलेल्या औषधांची चिठ्ठी, स्वतःच्या औषधांसह, सोबत द्यावी.