नभोवाणीचा सप्ताह आणि वर्गणी

गेल्या महिन्यात साखरखेर्ड्यातील चार-पाच तरुण कार्यकर्ते आमच्याकडे एक आराखडा घेऊन आले. एका नोंदणीकृत सेवासंस्थेमार्फत गावात सामुदायिक नभोवाणी केंद्र काढावे, आणि केंद्र सुरू झाल्यावर दरवर्षी आठ दिवसांचा निधिसप्ताह पाळून त्या काळात विशेष कार्यक्रम ध्वनिक्षेपित करावेत, अशी ती योजना. कल्पना उत्तमच आहे. विशेष कार्यक्रमांची यादी वाचून मात्र आम्ही थबकलो. पहिल्या दिवशी मुंबईच्या नटाची मुलाखत, दुसऱ्या दिवशी चित्रपटगीतांचा वाद्यवृंद, नंतर मोठ्या देणगीदारांशी एकेक तास वार्तालाप आणि अखेरीस दात्यांचा सत्कार! हारतुरे नभोवाणीवर दिसत नाहीत, एवढीच त्यातली समाधानाची बाब. ही मुले प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांच्या यादीचा विचार गंभीरपणे करावयास हवा.

अर्थशास्त्र शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, तेव्हा आरंभ तेथूनच करतो. ध्वनिलहर ही विलक्षण वस्तू आहे. एका घराने ऐकली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्याचे कान कोणाला बंद करता येत नाहीत. अशा वस्तूचा खर्च तीनच मार्गांनी निघतो : सरकार देते, व्यापारी देतो, किंवा ऐकणारा आपखुशीने देतो. एके काळी प्रत्येक रेडिओधारकाला पोस्टात परवाना शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकात ते रद्द झाले. सामान्य माणसाचा भार हलका झाला हे खरे, पण हे यंत्र माझ्या पैशावर चालते आणि त्यावर मला बोलण्याचा अधिकार आहे, ही जाणीवही त्याबरोबर मावळली.

अधिकार मात्र आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय असा निर्वाळा दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सेवासंस्था व कृषी विज्ञान केंद्रांना परवान्याची वाट मोकळी झाली. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून चालू आहे. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची वाहिनी आहे, पुण्याला विद्यापीठाची. या केंद्रांचे काम मोलाचे आहे. तथापि त्यांच्या पाठीशी संस्था उभी आहे, हेही विसरता येत नाही. साखरखेर्ड्याच्या केंद्रामागे कोण उभे राहणार? शंभर वॉटची लहर दहा-पंधरा किलोमीटर जाते. सिंदखेडराजा या आमच्या तालुक्याच्या गावापर्यंतसुद्धा ती पोहोचणार नाही. एवढ्या लहान बाजारपेठेत मोठा जाहिरातदार येईल कशाला?

कायद्याने जाहिरातीला जागा दिली आहे. पूर्वी तासाला पाच मिनिटे, मग सात आणि २०२४ पासून बारा. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस ५२ वरून ७४ रुपये झाला. बाराही मिनिटे विकली गेली तर तासाला ५,३२८ रुपये मिळतील. पण ग्रामीण केंद्राची ती विकली जात नाहीत. जी जातात त्यांतला मोठा ग्राहक सरकारच, आणि परवाना देणारेही तेच. स्वतःच्या बातम्या देण्याची या केंद्रांना मुभा नाही. बातमीपत्र हवे तर आकाशवाणीचे, तेही जसेच्या तसे. अशा स्थितीत जाहिरातीवर जगणारे केंद्र पीकविम्याची नुकसानभरपाई का अडली हे विचारील, की विम्याची जाहिरात वाजवून गप्प बसेल?

उरतो श्रोता. श्रोत्यांच्या वर्गणीवर नभोवाणी चालविण्याचा प्रयोग अमेरिकेत बर्कली येथे झाला. युद्धविरोधी विचाराच्या लुईस हिल यांनी १९४९ मध्ये ते केंद्र काढले. १९५० मध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडले. मग ऐकणाऱ्यांनीच निधी जमवून ते १९५१ मध्ये पुन्हा उभे केले. कार्यक्रम हवे होते म्हणून लोकांनी पैसे दिले, नट आला म्हणून नव्हे. पुढे मात्र त्याच परिवारातील केंद्रांवर निधिसप्ताह वरचेवर होऊ लागले, लांबत गेले आणि काही ठिकाणी त्या काळात चमत्कारी औषधोपचारांच्या ध्वनिफिती देणगीच्या बदल्यात विकल्या गेल्या. वर्षभर ज्याची चिकित्सा करावयाची, निधीच्या आठवड्यात त्याचीच दलाली! निष्ठावंत श्रोते दुखावले, हे सांगावयास नकोच.

हे समजण्यासाठी बर्कलीला जाण्याचेही कारण नाही. आपल्या भागात गावोगाव हरिनाम सप्ताह होतो. पूर्वी घरटी वर्गणी असे : कोणी पायलीभर ज्वारी देई, कोणी दहा रुपये, कोणी नुसते आचाऱ्याच्या हाताखाली राबे. कीर्तनकार पंचक्रोशीतलेच असत. मग नामांकित महाराज आणण्याची चढाओढ लागली, बिदागीचे आकडे फुगले, घरटी वर्गणी पुरेनाशी झाली, आणि काल्याच्या दिवशी मंडपावर एका दात्याचा फलक झळकू लागला. वर्गणी देणारा पाहुणा झाला. धर्माच्या कार्यात जे घडले ते नभोवाणीच्या कार्यात घडणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

म्हणून आम्ही त्या तरुणांना आकडेमोड करून दाखविली. दोन हजार घरांनी महिना दहा रुपये दिले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. तेवढी रक्कम एखादा पतसंस्थेचा अध्यक्ष एका धनादेशाने देईल. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही रकमा सारख्याच दिसतात. पण पतसंस्थेच्या थकीत ठेवींविषयी कार्यक्रम करण्याची वेळ येईल तेव्हा फरक कळेल. तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये पैसा फंडातून उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला होता. देणारे असंख्य, म्हणून कोणा एकाची मालकी नाही. त्या पैशाचे खरे मोल तेच होते.

मग विशेष कार्यक्रम कोणते करावेत? वर्षभर केंद्र जे करते तेच, पण श्रोत्यांच्या समोर आणि त्यांच्या तपासणीखाली. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतेमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र ऐकत, चर्चा करीत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवीत. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या त्या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, आणि अशा गावांतील लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे आढळले. निधिसप्ताहात तीच रीत अवलंबावी. एक दिवस सोयाबीनच्या हमीभावाचा आणि ओलाव्याच्या नावाखाली होणाऱ्या कपातीचा, एक दिवस पाण्याचा, एक दिवस शेतमजूर स्त्रियांचा आणि त्यांच्याच तोंडून. आणि एक संपूर्ण तास केंद्राच्या हिशेबाचा : वीज किती, भाडे किती, निवेदिकेचे मानधन किती, कोणाकडून किती आले. चुकलेले कार्यक्रम कोणते, हेही त्यातच सांगावे. हा तास कंटाळवाणा होईल अशी एका तरुणाने शंका काढली. ज्याने दहा रुपये दिले आहेत त्याला तो कंटाळवाणा वाटणार नाही, असा आमचा अनुभव आहे; पक्षाच्या वार्षिक सभेत हिशेबाच्या वेळीच सर्व जागे असतात!

आता आपल्या कार्यकर्त्यांचा प्रश्न. राजकीय पक्षाला, त्याच्या विद्यार्थी, महिला वा कामगार आघाडीला परवाना मिळत नाही. राजकीय स्वरूपाचा कार्यक्रमही करता येत नाही. जेथे आपल्याला बोलता येणार नाही, त्या केंद्रासाठी आपण झोळी का फिरवावी, असे एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला विचारले. त्यांना १९४२ ची आठवण द्यावीशी वाटते. उषा मेहता आणि त्यांच्या तरुण साथींनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला; लोहिया, अच्युतराव पटवर्धन त्यावरून बोलले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. जागा बदलत, जीव मुठीत धरून चाललेले ते प्रक्षेपण केवळ काही महिन्यांचे होते. आज पोलिसांची भीती न बाळगता एखादी शेतमजूर बाई आपल्या मजुरीविषयी ध्वनिक्षेपकापुढे बोलू शकते. तिने पक्षाचे नाव घेतले नाही तर आपले काय अडते?

त्या तरुणांनी यादीतून नट आणि सत्कार वगळले आहेत. वाद्यवृंद ठेवला आहे, आणि गाणारे गावचेच असतील तर आमची हरकत नाही. पहिल्या वर्गणीची पावती आम्ही फाडून घेतली. ती व्यक्तीच्या नावाने आहे, शाखेच्या नव्हे. आमच्या सहकाऱ्यांनीही तसेच करावे, आणि हिशेबाच्या तासाला आपापला प्रश्न कागदावर लिहून पाठवावा.