शर्ट तोच, टॅक्स वेगळा!

मॉलमध्ये कॉटनचा शर्ट घेताना आपण काय बघतो? फिटिंग, ब्रँड आणि ‘बाय वन गेट वन’ची पाटी. त्यात दडलेल्या कस्टम ड्युटीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण बघायला हवं, बॉस!

साधं गणित मांडतो. समजा, एकाच फॅक्टरीत परदेशी कापसाचे दोन शर्ट शिवले. प्रत्येकात शंभर रुपयांचा कापूस. २०२१च्या बजेटनं आयात कापसावर सगळं मिळून ११ टक्के शुल्क लावलं, म्हणजे शर्टामागे ११ रुपये. पहिला शर्ट न्हावा-शेवाहून परदेशी निघाला. कस्टम्स कायदा, १९६२च्या कलम ७५खाली निर्यातदाराला शुल्काचा परतावा मिळतो, बहुतेकदा अख्ख्या इंडस्ट्रीची सरासरी काढून ठरवलेल्या दरानं. याचं नाव ‘ड्युटी ड्रॉबॅक’. दुसरा शर्ट आला पुण्याच्या लक्ष्मी रोडवर. त्याच्या ११ रुपयांचं काय? ते बिलात मुरले. भरणार तुम्ही आणि मी!

आता लगेच निर्यातदारावर चिडू नका. जगाच्या बाजारात आपला माल विकायचा, आपला टॅक्स नाही, हे लॉजिक एकदम पटण्यासारखं आहे. अमेरिकेनं तर १७८९ सालीच असा परतावा सुरू केला होता. जितकं शुल्क भरलं तितकंच परत दिलं, तर डब्ल्यूटीओही त्याला सबसिडी मानत नाही. परतावा नसता, तर कित्येक ऑर्डरी बांगलादेश, व्हिएतनामकडे गेल्या असत्या आणि त्यासोबत इथल्या नोकऱ्याही.

माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे. परतावा म्हणजे पेनकिलर. दुखणं थांबतं, आजार तसाच राहतो. शुल्काविरुद्ध दिल्लीत सगळ्यात जोरात ओरडू शकतो तो निर्यातदार. त्याच्याकडे संघटना आहे, आकडे आहेत, डॉलर आहेत. त्याला पैसे परत मिळाले की त्याचा आवाज निम्मा होतो. उरतो आपण. आणि शर्टामागच्या ११ रुपयांसाठी मोर्चा कोण काढणार, राव?

यवतमाळच्या शेतकऱ्याचं काय? शुल्क त्याच्यासाठीच, असं सांगतात. पण निर्यातदाराला परदेशी कापसावरचं शुल्क परत मिळणार असेल, तर महागलेला देशी कापूस तो कशाला घेईल? म्हणजे संरक्षण मिळालं, पण अर्धवटच. शिवाय परतावा हातात पडेपर्यंत पैसा अडकतो. मोठ्या कंपनीला ते झेपतं, छोट्या युनिटवाल्याला व्याज भरावं लागतं.

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेच्या ५० टक्के टॅरिफचा दणका बसला, तेव्हा सरकारनं कापसावरचं शुल्कच डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. कापड उद्योग खूश, शेतकरी संघटना नाराज. दोघांचंही बरोबरच होतं!

माझं म्हणणं एवढंच : कच्च्या मालावरचं शुल्क सगळ्यांसाठीच कमी ठेवा आणि शेतकऱ्याला मदत थेट बजेटमधून द्या. तीही आपल्याच टॅक्समधून जाईल, कबूल. पण निदान ती कागदावर दिसेल, तिच्यावर भांडता येईल. शर्टाच्या बिलात लपलेल्या ११ रुपयांवर भांडताही येत नाही.